जावईबापूंचा जंत

"आपल्या पोटात आजवर एकसुद्धा जंतू गेलेला नाय!"

हे वाक्य अभय भेटेल त्याला ऐकवायचा. समोरच्यानं विचारलेलं असो वा नसो. दूधवाल्याला ऐकवायचा, इस्त्रीवाल्याला ऐकवायचा. एकदा तर एका मयतीला गेला असताना त्यानं ते मयताच्या भावाला ऐकवलं होतं. बिचारा भाऊ तशा परिस्थितीतही "वा!" म्हणाला.

वाळूजच्या एका कारखान्यात अभय क्वालिटीत होता. दिवसभर एकेक बोल्ट डोळ्यांसमोर धरायचा आणि त्यातली खोट काढायची, हे त्याचं काम. आता आठ तास खोट काढून कुठलाही माणूस दमेल आणि घरी येऊन गप पडेल. पण अभय बजाजनगरातल्या आपल्या घरी येऊन ओव्हरटाइम करायचा. बायको तनुजा हीच त्याची दुसरी पाळी!

कोथिंबिरीचंच घ्या. आधी तीन पाण्यांनी धुवायची, मग मिठाच्या पाण्यात बुडवायची, मग जांभळ्या पोटॅशच्या पाण्यात आणि शेवटी फडक्यावर पसरून वाळवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तनुजानं विचारलं होतं, "आता ही भाजीत घालायची, का हिला इस्त्री करायची?" अभयला त्यातला टोमणा कळला नाही. त्यानं क्षणभर इस्त्रीचा खरोखर विचार केला.

हे सगळं तनुजानं सहन केलं. पण अभयची करडी नजर तिच्या माहेरापर्यंत पोचली, तेव्हा प्रकरण चिघळलं. तिचं माहेर देवगाव रंगारीचं. वडील पुंडलिकराव, आई गोजरबाई. कापूस, मका, थोडं आलं, दारात दोन म्हशी. मागच्या धोंड्याच्या महिन्यात त्यांनी जावयाला जेवायला बोलावलं. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायणाचा जोडा; सासूनं आठ दिवस आधीपासून तयारी केलेली. पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार. जावईबापू पाटावर बसले आणि पिशवीतून त्यांनी स्वतःचा डबा काढला!

"मामी, वाईट नका वाटून घेऊ. बाहेरचं पाणी मला चालत नाय."

गोजरबाई धोंड्यांचं ताट उचलून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तनुजानं ते तीन वर्षं मनात धरून ठेवलं. यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, तेव्हा तिनं नवऱ्याला उभं करून सांगितलं, "या वेळेला मायच्या हातचं पोटभर जेवायचं. डबा काढलात, तर येताना डबा घेऊन एकटेच या. मी तिथंच राहीन!"

बायको ओरडली असती तर अभयनं वाद घातला असता. पण ती हे भाजी निवडत, शांतपणे म्हणाली. अभय घाबरला.

आणि नेमकं याच सुमाराला त्याचं पोट दुखायला लागलं. भूक वाढली, अंगाला काही लागेना, सकाळी मळमळ. आता हे कशानं झालं असेल, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, तनुजाला मात्र सांगू नका. घरची कोथिंबीर इतकी धुतलेली असायची, की तिला चवच उरत नसे. म्हणून अभय रोज दुपारी कंपनीच्या गेटवर, गाड्यावरची भेळ खायचा. वर कच्ची कोबी, कांदा आणि मूठभर कोथिंबीर. ती शेतातून थेट गाड्यावर आलेली असायची आणि तिच्या देठाला मातीसुद्धा असायची! काय चव होती म्हणता तिला!

डॉक्टरांनी तपासणी करून रिपोर्ट समोर धरला.

"जंत आहेत."

"साहेब, दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आला असंल."

"नाव तुमचंच आहे."

"अहो, पण मी क्वालिटीत आहे!"

"जंतांना त्याचं काय?" डॉक्टर म्हणाले. "कच्च्या भाजीला माती असते, मातीत अंडी असतात, ती पोटात गेली की झालं. घाबरायचं कारण नाही. ही एक गोळी रात्री चावून खा. एक-दोन दिवसांत पडून जातील. आणि हो, घरातल्या सगळ्यांनी घ्यायची."

शेवटच्या वाक्यानं अभयच्या पोटातले जंतसुद्धा दचकले असतील. घरातल्या सगळ्यांनी म्हणजे तनुजानं. म्हणजे तनुजाला सांगणं आलं. म्हणजे कोथिंबिरीवरची, पाण्यावरची, सासुरवाडीवरची सगळी सत्ता एका गोळीपायी गेली! छे! अभयनं शनिवारी रात्री बाथरूमचा नळ मोठा सोडून, आवाज बाहेर जाणार नाही अशा बेतानं, एकट्यानंच गोळी चावली. तनुजाचं पुढं बघू, असं त्यानं ठरवलं.

रविवारी सकाळी दोघं मोटारसायकलवरून लासूर स्टेशनमार्गे देवगावला पोचले. दारात रांगोळी होती. पुंडलिकरावांनी नवा फेटा बांधला होता. आणि अंगणाच्या कोपऱ्यात, निळ्या फरशीचा, कोरा करकरीत संडास उभा होता. मागच्या वेळी जावईबापू 'त्या' कामासाठी गाडीला किक मारून शहराकडं निघाले होते, ते सासऱ्याच्या मनाला लागलं होतं.

"खास तुमच्यासाठी बांधला, बापू!" पुंडलिकराव अभिमानानं म्हणाले. "आतला बल्ब तेवढा कालच गेला. पण तुमचं काम काय अंधारात अडायचं नाय."

अडलं नाहीच. चहा पोटात गेला आणि पोटात असा काही गोंधळ उठला, की अभय निळ्या फरशीकडं जवळजवळ पळत गेला. डॉक्टरांचे शब्द कानात होते. दिवसभर बोल्टातली केसाएवढी चीर हुडकणारा हा माणूस, पण खाली बघायची त्याची छाती होईना. डोळे गच्च मिटून त्यानं पाणी ओतलं, आणखी ओतलं आणि मागं न बघता बाहेर आला. चेहऱ्यावर मात्र असा भाव, की शेजारच्या वेलीची पानं बघायला गेलो होतो.

थोड्या वेळानं ओसरीवर पाट मांडला. जावयाचे पाय धुवायचे होते. पुंडलिकरावांनी परातीत उजवा पाय घेतला, धुतला, पुसला, हळदीकुंकू लावलं. "पाणी उकळून गार केलंय, बापू," त्यांनी आदबीनं सांगितलं. डावा पाय हातात घेतला, तेवढ्यात अंगणातून किंकाळी आली.

"साऽऽप! आवो धावा! संडासात साप निघालाय!"

गोजरबाई लुगडं सावरत पळत येत होत्या. अभय ताडकन उठला आणि एक पाय पूजलेला, एक पाय धुळीचा, अशा अवस्थेत लंगडत अंगणात गेला.

"केवढा व्हता?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"वीतभर! पांढराफटक, जरासा तांबूस! डोकं कुठलं न् शेपूट कुठलं, काय कळंना. तिथंच पडलाय भांड्यात!"

अभयनं एकेक खूण मनात जुळवली. वीतभर. तांबूस. डोकं-शेपूट सारखं. त्याला तो साप डोळ्यांनी बघायची गरजच उरली नाही.

"मामा," तो घाईनं म्हणाला, "काही नसंल. मी बादलीभर पाणी टाकतो, जाईल वाहून."

"काय बोलता, बापू!" शेजारच्या भामाबाई कुंपणावरून ओरडल्या. त्या किंकाळी ऐकून नव्हे, किंकाळीच्या आधीच आल्या असाव्यात, इतक्या वेळेवर हजर होत्या. "धोंड्याच्या महिन्यात जित्राबाला बुडवायचं? आन तेबी जावई दारात असताना? गोजर, हा साधा साप नाय. जावयाच्या पायगुणानं नागोबा आलाय तुझ्या घरी! दूध ठिव, हळदीकुकू वाहा!"

"अवं, पण संडासात दूध कसं ठिवायचं?" पुंडलिकरावांना प्रश्न पडला.

"उंबऱ्यावर ठिवा. त्याला प्यायचं आसंल तर यील भाईर."

झालं! निळ्या संडासाच्या उंबऱ्यावर वाटीभर दूध आलं, दोन झेंडूची फुलं आली, उदबत्ती लागली. गल्लीतल्या आठ-दहा बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. एकीनं लांबूनच हात जोडले आणि लेकीच्या लग्नाचं साकडं घातलं. आपल्या पोटातल्या जिवाला नवस बोलला जातोय, हे बघून अभयला घाम फुटला. तनुजा बादली हातात घेऊन हौदापाशी उभी होती. ती ना नवऱ्याकडं बघत होती, ना संडासाकडं.

आणि मग सुदर्शन आला. हा तनुजाचा धाकटा भाऊ. पंचक्रोशीत 'सर्पमित्र' म्हणून पाटी लावून बसलेला. दुर्दैवानं गावात वर्षभर एकही साप निघाला नव्हता. दोन सरडे आणि गाडीचा एक पट्टा, एवढीच त्याची कमाई. स्वतःच्या घरात साप निघाल्याचं ऐकून त्याचा आनंद गगनात मावेना. हातात साप धरायचा आकडा, काखेत बरणी, पायांत वडिलांचे गमबूट.

"दाजी, मोबाइल धरा! तुमचा हात हलत नाय, क्वालिटीतला हात हाय. लाइव्ह जाऊ द्या!"

"सुदर्शन, लाइव्ह कशाला..."

"धरा हो! लई लोक बघायलेत! नमस्कार मंडळी, मी सर्पमित्र सुदर्शन, आज थेट आमच्या संडासातून! आत जो साप हाय, तो वर्णनावरनं वाळा, म्हंजे गांडुळावानी दिसणारा साप वाटायलाय. हा साप लई लाजाळू असतोय. याला अंधार आवडतोय..."

अभय मोबाइल धरून ऐकत होता. लाजाळू आहे, अंधारात राहतो. वर्णन बाकी तंतोतंत जुळत होतं.

सुदर्शन आत गेला. आतून "बस... बस राजा... घाबरू नको..." असे प्रेमळ आवाज आले. मग सुदर्शन आकडा पुढं धरून, तोंड वाकडं करत बाहेर आला. आकड्यावर तो लोंबत होता. उन्हात आल्यावर सगळ्यांनी माना पुढं केल्या.

"याला खवलंच नायत," सुदर्शन म्हणाला. "आन मेलाय बहुतेक."

भामाबाईंनी डोळे बारीक केले. पुढं आल्या, वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं उडी मारली.

"अय बया! ह्यो कसला नागोबा! ह्यो तर जंत हाय, जंत! माझ्या पोरांना लहानपणी असलेच पडायचे!"

साकडं घातलेली बाई पदरानं तोंड दाबून पळाली. सुदर्शन आकडा टाकून हौदाकडं धावला. धावता धावता ओरडला, "दाजी, बंद करा! लाइव्ह बंद करा!" अभयला बटण सापडेना. इकडं दाब, तिकडं दाब करताना कॅमेरा उलटला आणि पडद्यावर त्याचा स्वतःचाच चेहरा आला. बघणाऱ्यांना वाटलं, हाच तो साप.

मोबाइल एकदाचा बंद झाला. पण आता अंगणात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला आणि तो उभा करायला भामाबाई होत्याच.

"मग ह्यो जंत कुणाचा म्हणायचा?"

"सकाळपासनं आत कोण कोण गेलतं?" भामाबाईंनी चौकशी पुढं नेली. अभयनं आभाळाकडं बघितलं. आता संपलं! तनुजासमोर, सासू-सासऱ्यांसमोर, अख्ख्या गल्लीसमोर! पोटॅश गेलं, मिठाचं पाणी गेलं, सगळी इज्जत आकड्यावर लोंबत गेली!

गोजरबाईंची नजर हळूच जावयाकडं वळली. त्यांनी त्याचा उतरलेला चेहरा बघितला. मग पदर खोचून ठणकावून म्हणाल्या, "माझा हाय!"

"तुझा?" भामाबाई.

"व्हय, माझा! लई दिवसांपासनं पोट दुखायलंय."

आता पुंडलिकरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनीही एकदा जावयाकडं बघितलं, फेटा नीट केला आणि पुढं झाले. "ती खोटं बोलायली. माझा हाय तो! मी पहाटं गेलतो."

"आवो, तुम्ही कवा गेलता? तुम्ही तर मक्याच्या रानात जाता!"

"आज गेलतो! नवा संडास कसा हाय, बघाय नगं?"

"मी म्हनते माझा हाय!"

"अगं, घरचा कर्ता कोण? मी! मग जंत कुणाचा? माझा!"

तीस वर्षांच्या संसारात या दोघांनी एवढ्या हिरिरीनं कुठल्याच गोष्टीवर हक्क सांगितला नव्हता. भामाबाई कधी इकडं, कधी तिकडं बघत राहिल्या. शेवटी, "दोघांचा आर्धा-आर्धा समजा, आन उद्या सगळी जण दवाखान्यात जाऊन गोळी घ्या," असा निवाडा देऊन त्या कुंपणापलीकडं गेल्या.

अभयनं सुटकेचा श्वास सोडला. वाचलो! तो ओसरीवर आला, डावा पाय स्वतःच धुतला आणि पाटावर बसला. आतून तुपाचा, पुरणाचा वास येत होता. ताट यायची वाट बघू लागला. पण ताट येईना.

थोड्या वेळानं गोजरबाई आल्या. हातात ताट नव्हतं, दुकानातून आणलेला बिस्किटांचा पुडा होता. सीलबंद. तो त्यांनी पाटाशेजारी ठेवला आणि लांब, दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बापू, एवढंच खा. पाकीट फोडल्यालं नाय, बघून घ्या. माझ्या पोटात असलं निघालं म्हनल्यावर, माझ्या हातचं तुम्हाला कसं वाढू? धोंडे म्हशींना घालते."

त्या हसून म्हणाल्या. पण डोळे हसत नव्हते. पहाटे उठून वाटलेलं पुरण, तीन वर्षं वाट बघितलेलं जेवण, ते या बाईनं त्याची अब्रू झाकायला म्हशींपुढं टाकायला काढलं होतं. आणि तो पाटावर बसून सुटकेचे श्वास सोडत होता! अभयला स्वतःची लाज वाटली. इतकी, की पोटदुखी विसरली.

तो उठला. "मामी," तो म्हणाला, "तो जंत माझा होता."

गोजरबाईंनी हातानंच 'छे छे' केलं.

"खरं सांगतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं. काल रात्री गोळी खाल्ली. गाड्यावरची भेळ खातो मी रोज, न धुतलेली कोथिंबीर घालून! तुमच्या हाताला काही नाय झालं, खोट माझ्याच पोटात आहे. तुमचे धोंडे आणा. सगळे आणा!"

पुंडलिकराव एकटक बघत राहिले. "ऐकलं का, गोजर? सासूला वाईट वाटू नाय, म्हणून जंत अंगावर घेतला पोरानं!"

"मामा, अंगावर नाय घेतला, खरंच माझा..."

"बास, बापू, बास! आमच्या जावयाला कुठं जंत होतात का? अवो, तुम्ही क्वालिटीत! कोथिंबीर पाच येळा धुनारं मानूस, अन गाड्यावरची भेळ खाईल? सांगा की कुणाला तरी पटंल असं!"

"मामा, आईशप्पथ!"

"आन वरनं शपथ बी खातोय आईची! केवढं मन, केवढं मन!" पुंडलिकरावांनी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. कुंपणापलीकडून भामाबाईंचा आवाज आला, "जावई असावा तर असा!" आणि पाचच मिनिटांत ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. अभय जितकं पटवून सांगू लागला, तितका तो मोठा होत गेला. रिपोर्ट आणून दाखवतो म्हणाला, तर सुदर्शननं त्याचे पाय धरले. जन्मात पहिल्यांदा तो सगळं खरं सांगत होता आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता!

शेवटी तो दमला आणि जेवायला बसला. गोजरबाईंनी वाढलं. तो खात गेला, त्या वाढत गेल्या. तूप बोटांवरून ओघळलं, तरी त्यानं हात पुसला नाही. "आनखी एक, बापू?" म्हणाल्या, की तो मान हलवायचा. त्या दिवशी गोजरबाईंच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते बघून पुंडलिकराव दोनदा उगाचच म्हशींकडं जाऊन आले.

उन्हं कलली तशी दोघं निघाली. गाडीला अनारशांचं ताट बांधलेलं, अभयच्या अंगात नवा सदरा. देवगाव मागं पडलं. तनुजा मागं बसली होती. अभयला राहवेना.

"तू तरी विश्वास ठेव गं. खरंच माझा होता."

"नव्हता," तनुजा म्हणाली.

"तू पण त्यांच्यातलीच! अगं, मी स्वतः गोळी..."

"तुम्ही खाल्ली असंल. मी पण खाल्ली. शुक्रवारी, सरकारी दवाखान्यातनं आणून." तिनं त्याच्या खांद्यावरचा हात जरा घट्ट धरला. "पंधरा दिवस पोट दुखत होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर कोथिंबीर अजून दोनदा धुवायला लावली असती. आज तुमच्या मागनं मीच गेले होते आत. तुम्ही सगळं पाणी ओतून बसला होतात, थेंब ठेवला नव्हता. बादली आणायला हौदावर गेले, तेवढ्यात माय आत गेली."

अभयनं गाडी कडेला घेतली. मान वळवून बघितलं. तनुजा रडत नव्हती. ओठ दाबून हसू आवरत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? माय म्हणाली माझा, बाबा म्हणाले माझा, तुम्ही म्हणालात माझा. मला मधे बोलायला जागा तरी ठेवली का कुणी?"

दोघंही हसायला लागले. रस्त्यानं जाणारा एक ट्रॅक्टरवाला वळून वळून बघत गेला. हसता हसता अभय एकदम थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"तनुजा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तो जर तुझा होता... तर माझा कुठंय?"

तनुजानं त्याच्या पोटाकडं बघितलं. पोटातून, नेमका त्याच वेळी, गुरगुरल्याचा आवाज आला.

अभयनं किक मारली आणि लासूर स्टेशन येईपर्यंत गाडी एकदाही चौथ्या गिअरमधून खाली आणली नाही.